अळणी सांडगे

लखनौत तेलीबागेच्या त्या गल्लीत मे महिन्याच्या उन्हात सांडगे घालणारं घर एकच, शिंद्यांचं. बाकीची घरं थंडीत बड्या, म्हणजे तिकडचे सांडगे, घालायची. शेजारची मिश्राइन दरवर्षी आपल्या गच्चीवरून मान बाहेर काढून विचारायची, "माताजी, बड़ी तो माघ में पड़ती है, जेठ में कौन डालता है?" आणि आक्का दरवर्षी तेच ऐकवायची, "हमारे सातारा में जेठ में ही डालते हैं. यहाँ की धूप क्या खाली आम पकाने को है?"

रेशनकार्डावर तिचं नाव मधुमती नरहर शिंदे होतं, पण त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सुभेदार नरहर शिंदे छावणीतून निवृत्त झाले, इथेच दोन मजली घर बांधून इथेच गेले. आक्काची शाळा दुसरीपर्यंत. अक्षराला अक्षर जोडत ती वाचायची, पण तिच्या जिभेपुढे बी.ए. झालेली सूनसुद्धा गप्प बसायची. थोरला नंदकुमार सरकारी भूगर्भ कचेरीत होता. त्याने लग्न केलं नव्हतं. "त्याची बायको कचेरीतला कॉम्प्युटर," आक्का म्हणायची, "आणि ती अवदसा चहासुद्धा करून देत नाही." धाकटा जयसिंग हवाई दलात. त्याची बायको सुनेत्रा आणि सहा वर्षांची अवनी. पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच.

सुनेत्रा लग्नाच्या पहिल्या महिन्यात एकदा आमटीत मीठ घालायला विसरली होती. त्याला नऊ वर्षं झाली. आक्काने ते एक दिवसही जुनं होऊ दिलं नव्हतं. "मीठ विसरणाऱ्या बाईच्या हातात घराच्या किल्ल्या देऊ नयेत," हे वाक्य आल्यागेल्यासमोर म्हटलं जायचं, आणि सुनेत्रा पदराशी चाळा करत ऐकून घ्यायची.

शहाण्णव सालच्या मेमधली गोष्ट. आक्का परातीत मटकी-हरभऱ्याच्या वाटलेल्या डाळीत कोहळ्याचा कीस मळत होती. लसूण पडला, जिरं पडलं, तिखट पडलं. सांडग्याचं पीठ चाखायचं नाही हा तिच्या सासूपासूनचा दंडक, कारण पहिले पाच सांडगे देवाचे. चव हाताच्या मापावर. तिने मिठाची बरणी पुढे ओढली आणि तेवढ्यात जयसिंग आत आला.

"आक्का, बदली आली."

"कुठं?"

"निकोबार. अंदमानच्याही खाली. बेटावर आपला तळ आहे. दोन वर्षं, फॅमिलीसकट."

आक्काने समुद्र कधी पाहिला नव्हता. बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणी, एवढं तिला ठाऊक होतं. तिचे हात परातीत तसेच थांबले.

"पोरीची शाळा?"

"तिथं आहे की. अगं, माणसं राहतात तिथं."

"माणसं विहिरीच्या काठावरबी राहतात," आक्का म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली.

मिठाची बरणी झाकणासकट तशीच राहिली. ते तिच्या ध्यानात आलं दुसऱ्या दिवशी.

गच्ची तापून तवा झाली होती. नुसतं प्लास्टिक टाकलं तर ते फरशीला चिकटायचं, म्हणून आक्का खाली नंदकुमारच्या कचेरीतले रद्दी कागद अंथरायची. त्या वर्षीचे कागद चादरीएवढे मोठे होते. तिने तीन कागद एकाला एक लावून पसरले, वर सुनेत्राच्या नव्या गादीचं पारदर्शक प्लास्टिक. खालून कागदावरची नक्षी दिसत होती: ओळीने ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यातून निघालेला एक बाण. काही बाण चार बोटांचे, काही पेरभर, काही नखाएवढे. आक्काला बरं वाटलं. ठिपक्यावर सांडगा ठेवत गेलं की ओळ आपोआप सरळ. पहिल्या पाचांना हळदकुंकू लावलं, ते ताटलीत काढून देवाला ठेवले, आणि उरलेले सकाळी नऊपर्यंत घालून झाले.

तीन वाजता ती उलटायला म्हणून वर गेली. पहिल्या कागदावरचे सांडगे ठिपक्यांवर नव्हते. सगळे बाणांच्या टोकांवर होते.

आक्काला पहिल्यांदा लू आठवली. पण वारा सगळ्यांना सारखं ढकलील. इथे चार बोटांच्या बाणावरचा सांडगा चार बोटं गेला होता, नखाएवढ्यावरचा नखाएवढाच. मग अवनी आठवली, पण ती शाळेत. मांजर म्हणावं तर मांजराला हिशेबाची एवढी शुद्ध नसते. सगळ्यात वाईट गोष्ट तिला वाकून पाहिल्यावर दिसली. ओला सांडगा सरकला तर पिठाचा ओघळ मागे राहतो. प्लास्टिक लख्ख होतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदावरचे सांडगे जागच्या जागी होते.

संध्याकाळी नंदकुमार कचेरीतून आला तेव्हा तिने चहाचा कप त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

"ते बाण कसले रे तुझ्या कागदावर?"

"कुठले? ते होय. फेकायचेच होते ते." त्याने चष्मा पुसला. "समुद्राच्या तळाचा एक थर दुसऱ्या थराखाली घुसत असतो, आक्का. घुसताना अडकतो. अडकला की वरचा थर ताणला जातो. शंभर-दोनशे वर्षं ताण साठतो, आणि मग एका दिवशी सुटतो. तेव्हा जमीन कुठून कुठे सरकेल ते आम्ही गणित करून काढतो. ठिपका म्हणजे आधीची जागा, बाणाचं टोक म्हणजे नंतरची."

"आणि तीन कागद कशाला?"

"एका जागी सुटलेला ताण संपत नाही ना. शेजारच्या तुकड्यावर जाऊन बसतो. मग तो तुकडा सुटतो. मग त्याच्या शेजारचा. एक, दोन, तीन."

"गोधडीचा टाका तुटल्यासारखं," आक्का म्हणाली. "एक तुटला की त्याचा ओढा शेजारच्यावर."

नंदकुमार हसला. "हे आमच्या साहेबांना तुझ्याइतकं पटकन कळत नाही."

"मग टाकून का दिलेस?"

"आकडे भलतेच आले. हा चार बोटांचा बाण म्हणजे खरी जमीन पंधरा पावलं सरकणार. एवढं कुठं होतं? साहेब सगळ्यांसमोर हसले. म्हणाले, शिंदे, तुमचा कॉम्प्युटर भांग प्यायलाय. मी तो प्रकारच रद्द केला."

आक्काने सांडग्यांचं काही सांगितलं नाही. आधी आपली खात्री, मग बोलणं, असा तिचा स्वभाव.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या कागदावरचे सांडगे बाणांच्या टोकांवर गेले.

आक्का गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिली. मिश्राइनच्या गच्चीवर कपडे वाळत होते, एकही हलत नव्हता. रायबरेली रोडवरून ट्रकांचे भोंगे ऐकू येत होते. काहीतरी करायला हवं म्हणून तिने पहिल्या कागदावरचा एक वाळलेला सांडगा उचलला, मोडला आणि जिभेवर ठेवला.

अळणी.

तिने दुसरा मोडला. अळणी. तिसरा, चौथा. चाळीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं होतं. त्या घडीला तिला बाणांपेक्षा याचाच धक्का मोठा बसला. ती जिन्यात येऊन बसली. खालून सुनेत्राच्या बांगड्यांचा आवाज येत होता. 'कळलं तर?' नऊ वर्षांचं वाक्य सुनेत्रा तिला एका नजरेत परत करील. आक्काने पदराने तोंड पुसलं आणि ठरवलं, आमटीला मीठ असतंच, सांडगा अळणी की खारट कुणाला कळतंय.

तिसऱ्या दिवशी ती सकाळपासून वर बसली. डोक्यावर छत्री, हातात काठी, शेजारी पाण्याचा तांब्या. तिसऱ्या कागदावर ठिपके थोडे होते आणि त्यांच्याभोवती वेड्यावाकड्या छोट्या रेघा. नंदकुमारला तिने सकाळी विचारून घेतलं होतं. ती बेटं होती. त्यातलं एक जयसिंगचं. आणि तिथले ठिपके इतरांसारखे पोकळ नव्हते, काळेशार भरलेले होते.

बारा वाजले. एक वाजला. तिने एकदाही मान वळवली नाही.

दोनच्या सुमाराला सुनेत्राने खालून हाक मारली, "आक्का, जेवता ना?"

"येते," असं म्हणायला तिने तोंड जिन्याकडे केलं. तेवढंच.

वळली तेव्हा ते टोकांवर होते.

आवाज झाला नव्हता. काठी हातातच होती. तिने गुडघे टेकले आणि बेटावरचा सांडगा उचलला. तीन दिवस लखनौच्या उन्हात पडलेला सांडगा खालून ओला होता. नुसता दमट नव्हे, थेंब पडला.

तिने तो जिभेला लावला.

खारट. कुणी मूठभर मीठ घातल्यासारखा खारट, आणि त्या मिठामागे दुसरी कसलीतरी चव, तिच्या ओळखीची नसलेली.

जिन्यावर पावलं वाजली. जयसिंग वर आला आणि दारातच थबकला.

"आक्का, मिश्राच्या गच्चीवर मासे वाळत घातलेत का?"

"ते बामण. का रं?"

"कसला वास येतोय मग? ट्रेनिंगला मुंबईत होतो तेव्हा यायचा असा. ओहोटी लागली, पाणी मागं गेलं की." त्याने नाक वर करून पुन्हा हुंगलं. "जाऊ दे. जेवायला चल."

संध्याकाळी आक्काने नंदकुमारला हाताला धरून वर नेलं. त्याने खिशातून फूटपट्टी काढली. पहिला कागद मोजला, दुसरा मोजला. तिसरा दोनदा मोजला.

"हे तू केलंस?"

"मला तुझे आकडे वाचता येतात व्हय रे?"

तो उकिडवा बसून राहिला. शिकला-सवरलेला तिचा लेक, केस पिकायला लागलेला, आणि तोंड शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखं.

"काळे ठिपके कसले?" तिने विचारलं.

"तिथं जमीन सरकते, आणि खालीही बसते."

"किती?"

"हातभर. दोन हात."

"आणि समुद्र?"

त्याने फूटपट्टी खिशात घातली.

"कधी?"

"कधी ते गणितात नसतं, आक्का. शिवण ताणलीय एवढंच कळतं. उद्या, नाहीतर शंभर वर्षांनी."

जेवायला सगळे एकत्र बसले तेव्हा आक्काने भाकरी बाजूला सारली. "जयसिंग, तुला जायचं तर जा. पोर आणि सुनेत्रा इथंच राहतील."

"का म्हणून?"

"सांडगे सरकले."

अवनी खुदकन हसली. "दादी, सांडगे चलते हैं क्या?"

"मिश्राइनचं मांजर असेल," सुनेत्रा म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, ते मेलं फार शेफारलंय."

"नंदकुमारला विचारा."

सगळ्यांनी नंदकुमारकडे पाहिलं. त्याने ताटातली चटणी बोटाने इकडची तिकडे केली. साहेब हसले होते. सगळ्यांसमोर हसले होते. "उन्हाने प्लास्टिक पसरतं," तो शेवटी म्हणाला. "थोडंफार होतं तसं."

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. तिच्याकडे एक शब्द अजून होता. 'मी मीठ घातलं नव्हतं, आणि बेटावरचा सांडगा खारट आहे.' एवढं म्हटलं असतं तर सुनेत्राने दोन्ही चाखून पाहिले असते. पण आधी तिने मान वर केली असती, आणि त्या नजरेने बघितलं असतं.

आक्काची जीभ टाळूला चिकटली. जन्मात पहिल्यांदा.

तिसऱ्या कागदावरचे सांडगे तिने परसात खड्डा करून पुरले. पहिल्या कागदावरचे, कडकडीत वाळलेले, अळणी, तेवढे बरणीत भरले, थोडे घरच्या डब्यात ठेवले. जूनमध्ये चारबागला हावड्याची गाडी सुटताना तिने ती बरणी खिडकीतून सुनेत्राच्या मांडीवर ठेवली. अवनी गजांतून हात हलवत होती. गाडी गेल्यावरही आक्का फलाटावर बराच वेळ उभी होती, पाय मध्येच जमिनीवर दाबून बघत.

ऑगस्टअखेर पत्र आलं. नंदकुमार कचेरीत होता. आक्काने चष्मा लावला आणि अक्षराला अक्षर जोडत वाचलं. क्वार्टर चांगलं आहे. नारळ फार. अवनीला शाळा आवडली, समुद्र घरामागेच, ती दिवसभर त्यातच असते. आणि शेवटी, जरा वेगळ्या शाईत:

"आक्का, राग मानू नका, पण या वेळी सांडग्यांत मीठ जास्त पडलंय. सुरुवातीला बेताचं वाटलं. आता रोज वाढतंय असं वाटतं. भिजवून पाणी काढून टाकावं लागतं. बरणी उन्हात ठेवते, तरी तळाला ओलच असते."

आक्काने पत्र दोनदा वाचलं. मग डब्यातला एक सांडगा काढला. त्याच घाण्याचा, त्याच पहिल्या कागदावरचा. मोडून तोंडात टाकला.

अळणी.

तिने नंदकुमारच्या टेबलावरची पेन्सिल घेतली. जन्मात सहीखेरीज तिने काही लिहिलं नव्हतं. दोन ओळी लिहायला तिला सबंध दुपार लागली.

"मी मीठ घातल नवत. पोरीला घेऊन ये."

दसऱ्याआधी चार दिवस सुनेत्रा अवनीला घेऊन आली. जयसिंग नोकरीपायी मागे राहिला. पोर काळी पडली होती, उंच झाली होती. सुनेत्राने ट्रंक खाली ठेवली, चुलीपाशी येऊन उभी राहिली आणि आक्काला ज्या नजरेची भीती होती त्या नजरेने तिने बघितलंच नाही.

"हे हसत होते," ती हळूच म्हणाली. "पण मीठ नव्हतं म्हणून नाही आले मी, आक्का. तुम्ही ते कबूल केलंत, म्हणून भ्याले."

आक्काने कमरेच्या किल्ल्या काढून तिच्या हातात दिल्या. 

दुसऱ्या दिवशी दुपारी अवनी जेवून पुढच्या खोलीत गोधडीवर झोपली. आक्का शेजारी पंख्याने वारा घालत बसली. पोर घरी आली होती. पायाखाली लखनौची जमीन होती, समुद्र शेकडो कोस लांब. कितीतरी दिवसांनी आक्काने पाय लांब केले.

मग तिला दिसलं की गोधडीची कड फरशीच्या रेघेवर नाही.

अंथरताना ती रेघेला लावूनच अंथरली होती. ती तिच्या हाताची सवयच होती. आता कड बोटभर पुढे होती, नैर्ऋत्येला, कागदावरचे बाण जिकडे होते तिकडे.

तिने रांगोळीची वाटी आणली आणि कडेने बारीक रेघ ओढली.

बसली. पापणी लवू दिली नाही. डोळ्यांत पाणी आलं, तशी एकदा मिटली.

उघडले तेव्हा गोधडी रेघ ओलांडून पुढे गेली होती. तिने कड उचलून पाहिली. रांगोळीचा कणही विस्कटला नव्हता.

आक्का ओणवी झाली. सकाळी हापशाच्या गोड्या पाण्याने तिनेच पोरीला न्हाऊ घातलं होतं. तिने अवनीच्या कपाळावर ओठ टेकवले. तशीच थांबली.

"सुनेत्रा," तिने हाक मारली. आवाज तिचा वाटत नव्हता. "इकडं ये गं. जरा तू चाखून बघ. मला नीट कळंना झालंय."

सुनेत्रा आली. सासूकडे पाहिलं, रांगोळीकडे पाहिलं. वाकली आणि लेकीच्या कपाळाला ओठ लावले.

तिने ओठावरचं मीठ पदराने पुसलं. पलीकडच्या बाजूला बसली आणि गोधडीची कड दोन्ही मुठींत घट्ट धरली. आक्काने अलीकडची धरली.

अवनी शांत झोपली होती.

थोड्या वेळाने दोघींच्या मधे कुठेतरी एक टाका तटकन तुटला.

मग त्याच्या शेजारचा.